माकडताप आणि ऋतुमान

साथीच्या तापांचे महिने आपल्याला ठाऊक असतात. पावसाळा लागला, डबकी साचली, की हिवतापाचे रुग्ण वाढतात. गणपती-नवरात्राच्या सुमारास डेंग्यूची चर्चा सुरू होते. साचलेले पाणी, त्यात वाढणारे डास आणि डासांमागून येणारा ताप ही साखळी तुमच्या पाठ्यपुस्तकातही आहे. आता एक कोडे पाहा. एक ताप असा आहे, की तो पाऊस संपून दोन-तीन महिने झाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात, डोके वर काढतो. माघ-फाल्गुनात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, त्याचे रुग्ण सर्वांत जास्त आढळतात. आणि मृगाचा पाऊस चांगला बरसला, की तो ओसरतो. हा ताप कोण आणतो? आणि पावसाशी त्याचा खरोखरच काही संबंध नाही का?

या तापाचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात. कानडीत मंगनकायिले, म्हणजे माकडाचा आजार. कोड्याचे उत्तर शोधायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने अंथरुणाला खिळली. ताप एकाएकी चढे. डोके व अंग असे ठणके, की माणसाला कूस बदलता येत नसे. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई, आणि काही दगावले. पुण्यात १९५२ सालापासून विषाणू संशोधन केंद्र काम करीत होते. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेथील डॉ. टेलफोर्ड वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी तिकडे धावले. धावण्याचे कारणही तसेच होते. जंगलात माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसे आजारी पडतात, हे लक्षण पीतज्वराचे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत हाहाकार माजवणारा पीतज्वर भारतात कधीच आला नव्हता. तो आला असता तर त्याचा प्रसार करणारे डास येथे हवे तेवढे होते.

सुदैवाने तो पीतज्वर नव्हता. रुग्णांच्या व वानरांच्या शरीरांतून जो विषाणू मिळाला तो अगदी नवा होता. मात्र त्याचे जवळचे नातेवाईक निघाले सैबेरियात! तेथे १९३७ साली लेव झिल्बर या रशियन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एका मेंदूज्वराचा विषाणू शोधून काढला होता. तैगाच्या जंगलात लाकूडतोडीला जाणाऱ्या मजुरांना हा आजार होई आणि तो पसरवणारा प्राणी होता गोचीड. त्या आजाराचे नावच पाहा : रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वर. ज्याच्या नावातच ऋतू आहेत, अशा आजाराचा हा भारतीय भाऊ. मग क्यासनूरच्या जंगलातील गोचिडी गोळा करण्यात आल्या आणि त्यांच्यात तोच नवा विषाणू सापडला. आपल्या कोड्याचा अर्धा भाग येथे सुटला. डास नव्हे, गोचीड. पण गोचिडीला हेच महिने का आवडावेत, हा प्रश्न उरतोच.

आयुष्यात तीनदा जेवणारा प्राणी

गोचीड तुम्ही पाहिलेली आहे. म्हशीच्या कासेजवळ किंवा कुत्र्याच्या कानात ती टम्म फुगून चिकटलेली असते, थेट एरंडीच्या बीसारखी. (हे साम्य प्राचीन रोमनांच्याही नजरेत भरले होते. लॅटिन भाषेत गोचिडीला रिसिनस म्हणत, आणि एरंडाचे शास्त्रीय नाव आजही रिसिनसच आहे.) गोचीड कीटक नव्हे. तिला आठ पाय असतात आणि ती कोळी, विंचू यांच्या वर्गात मोडते. माकडताप पसरवणाऱ्या मुख्य जातीचे नाव हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. नाव लांबलचक आहे खरे, पण प्राणी तिळाएवढा.

या गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था येतात. अंड्यातून बाहेर पडतो तो डिंभ. त्याला सहाच पाय असतात आणि तो मोहरीच्या दाण्याहून लहान असतो. डिंभ एकदा पोटभर रक्त पितो, जमिनीवर गळून पडतो, कात टाकतो आणि आठ पायांचा होतो. या दुसऱ्या अवस्थेला इंग्रजीत निम्फ म्हणतात. आपण तिला कुमार म्हणू. कुमार दुसऱ्या एखाद्या प्राण्याचे रक्त पितो, पुन्हा गळून पडतो, पुन्हा कात टाकतो आणि प्रौढ होतो. प्रौढ मादी तिसऱ्या प्राण्यावर चढून शेवटचे जेवण घेते, खाली उतरून हजारो अंडी घालते आणि मरते. एकंदर आयुष्यात जेवणे तीन, यजमानही तीन. एकेक जेवण थोड्या दिवसांत उरकते. म्हणजे ज्याला आपण जनावरांच्या अंगावरचा प्राणी समजतो, तो आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक काळ जमिनीवर, पाचोळ्यात, उपाशी पडून असतो. हवामानाचा तडाखा त्याला बसतो तो तेथे.

तिन्ही जेवणांचे यजमान वेगवेगळे असतात, हेही ध्यानात ठेवा. डिंभ आणि कुमार यांना उंदीर, चिचुंद्री, खार असे लहान प्राणी चालतात. जमिनीवर चरणारे पक्षी आणि माकडेही चालतात. प्रौढ गोचीड गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर चढते. डिंभ अंड्यातून निघतो तेव्हा बहुधा निर्धोक असतो. एखाद्या आजारी माकडाचे किंवा उंदराचे रक्त पिताना त्याला विषाणू मिळतो. तो विषाणू कात टाकल्यावरही शरीरात टिकून राहतो आणि पुढच्या जेवणाच्या वेळी, म्हणजे कुमार अवस्थेत, दुसऱ्याला दिला जातो. तो दुसरा कधी माकड असतो, कधी जंगलात गेलेला माणूस. माणसाला होणारा माकडताप हा मुख्यतः कुमार गोचिडींचा उद्योग आहे. आणि माणसाकडून माणसाला तो लागत नाही. म्हणून ‘ताप केव्हा येतो’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘कुमार गोचिडी केव्हा असतात’ असा होतो.

तहानेचे गणित

आता थोडे गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. हाच घन एक मिलिमीटर बाजूच्या लहान घनांत कापला, तर तितक्याच घनफळासाठी पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो, दसपट! प्राणी जितका लहान, तितका त्याच्या शरीरातील पाण्याच्या मानाने बाष्पीभवनाचा पृष्ठभाग मोठा. चैत्राच्या उन्हात आपण तासभर उभे राहिलो तर घामाघूम होऊ, एवढेच. मोहरीएवढ्या डिंभाला ते उन्ह जिवावरचे संकट असते.

बरे, तहान लागली तर गोचिडीने पाणी कोठे प्यावे? दोन जेवणांच्या मध्ये महिनोन्महिने जाऊ शकतात. येथे तिने जी युक्ती काढली आहे ती मला फार नवलाची वाटते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीचे काय होते ते आठवा. मिठाला पाणी सुटते. ते पाणी कोणी ओतलेले नसते. हवेतील बाष्प मिठाने ओढून घेतलेले असते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ असे पाझरू लागते. गोचीड हेच करते. ती आपल्या तोंडावर क्षारयुक्त लाळ सोडते. हवा दमट असली की ही लाळ हवेतील बाष्प शोषून घेते आणि गोचीड ती परत गिळते. झाले पाणी पिऊन! मात्र त्यासाठी हवेत पुरेसे बाष्प हवे. गोचिडीच्या जातीप्रमाणे ही मर्यादा साधारण ७५ ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी असते. हवा त्याहून कोरडी असेल तर कितीही लाळ सोडली तरी पाणी मिळत नाही, उलट शरीरातील पाणी घटत जाते.

जंगलातील गोचीड दिवसभर काय करते, हे आता तुम्हीच सांगू शकाल. तिला यजमान गाठायचा असतो. म्हणून ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या पानावर चढते आणि पुढचे पाय पसरून बसते. त्या पायांवर एक इंद्रिय असते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, त्याची ऊब आणि हवेतील दमटपणा तिला त्याने कळतो. पण वर हवा कोरडी असते. काही वेळाने तहान असह्य झाली की तिला खाली पाचोळ्यात उतरावे लागते. तेथे, ओलसर मातीच्या वर आणि पानांच्या थराखाली, हवा दमट असते. पाणी भरून घ्यायचे आणि पुन्हा वर चढायचे. प्रत्येक चढउतारात साठवलेली शक्ती खर्च होते. दमट दिवसांत ती वर जास्त वेळ बसू शकते आणि तिचा यजमानाला लागण्याचा संभव वाढतो. कडक कोरड्या दिवसांत ती खालीच दडून राहते, किंवा मरते.

म्हणून वेधशाळेने दिलेली आर्द्रता आणि गोचिडीच्या वाट्याला येणारी आर्द्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेधशाळेचे उपकरण मोकळ्या जागेत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या पेटीत असते. गोचिडीची वेधशाळा चार बोटे जाडीच्या पाचोळ्याखाली.

पावसापासून फाल्गुनापर्यंत

आता वर्षाचे चक्र फिरवून पाहू. मृगाचा पाऊस पडतो, जंगलाची जमीन भिजते आणि पाचोळ्यातील प्रौढ गोचिडी हालचाल सुरू करतात. याच दिवसांत नवे गवत उगवते आणि गुरे रानात चरायला जातात. प्रौढ माद्यांचे शेवटचे जेवण गुरांवर होते. पावसाळ्यात त्या अंडी घालतात. अंड्यांना दमटपणा अत्यावश्यक असतो. कोरड्या हवेत ती सुकून जातात. पाऊस ओसरतो तसे अंड्यांतून डिंभ निघू लागतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्यांची संख्या सर्वांत मोठी असते. एका मादीची पिल्ले एकाच जागी निघत असल्याने ती शेकड्यांनी एखाद्या पानाच्या टोकाशी गोळा होऊन बसतात. त्या पानाला एखादे माकड किंवा उंदीर घासून गेला, की पुंजकाच्या पुंजका त्याच्या अंगावर! या थंडीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळचे धुके आणि दव पाचोळा ओला ठेवतात. पोट भरलेले डिंभ गळून पडतात, कात टाकतात आणि नोव्हेंबरपासून कुमार दिसू लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते ऐन भरात असतात. एप्रिल-मेपर्यंत पाचोळा कडकडीत वाळतो, कुमार कमी होतात. काही मरतात, काही प्रौढ होऊन पावसाची वाट पाहत पडून राहतात. मृगाचा पाऊस ताप धुऊन नेतो असे जे दिसते त्याचे कारण हे. तोवर माणसाला चावणारी अवस्थाच संपत आलेली असते.

सह्याद्रीच्या जंगलांतील ही दिनदर्शिका पी. के. राजगोपालन यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षे रानात हिंडून, गोचिडी मोजून, तयार केली. मोजण्याची रीत अगदी साधी आहे. पांढऱ्या फलालिनीचे फडके काठीला बांधायचे, ते झुडपांवरून आणि पाचोळ्यावरून ओढत न्यायचे आणि त्यावर चढलेल्या गोचिडी मोजायच्या.

तर कोड्याचे उत्तर असे, की माकडताप कोरड्या दिवसांत दिसतो, पण त्याची पेरणी पावसाळ्यात झालेली असते. फेब्रुवारीतील रुग्ण पाहून ‘आज हवा कशी आहे’ असे विचारण्यात अर्थ नाही. पाऊस केव्हा संपला, ऑक्टोबरात सरी आल्या का, थंडीत दव किती पडले, हे विचारले पाहिजे. हवामान आणि आजार यांचा संबंध असा काही महिने मागे पडून लागू होतो. हे लक्षात न घेता एकाच महिन्याचा पाऊस आणि त्याच महिन्याचे रुग्ण यांचा आलेख काढला, तर पाऊस पडला की रोग कमी होतो असा उलटा निष्कर्ष निघेल. तुमच्यापैकी कोणी विज्ञान प्रदर्शनासाठी असे आलेख काढत असेल, तर हा सापळा टाळावा.

हवामान माणसालाही हलवते

येथवर आपण फक्त गोचिडीचा विचार केला. पण जंगल कुमार गोचिडींनी भरलेले असले आणि तेथे कोणी गेलेच नाही, तर ताप कोणाला येणार? हवामानाचा दुसरा परिणाम माणसावर होतो, आणि माझ्या मते त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

कोकणातील किंवा मलनाडातील शेतकऱ्याचे वर्ष पाहा. पावसाळ्यात तो भातशेतीत गुंतलेला. भात कापून झाले, वाटा सुकल्या, की रानातील कामे निघतात. सरपण आणायचे, कवळ तोडायची, पातेरा गोळा करायचा. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पाने. भाजावळीसाठी आणि गुरांखाली अंथरण्यासाठी त्याचे भारे घरी येतात. पण पातेरा म्हणजेच गोचिडीचे घर! शिमोगा जिल्ह्यातील २०११-१२ सालच्या साथीचा अभ्यास झाला तेव्हा रानात जाणे आणि गुरांची देखभाल करणे यांबरोबरच घराशेजारी वाळक्या पानांचा ढीग असणे हीही एक धोक्याची बाब ठरली. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम सुरू होतो. बोंडे गळून पडतात आणि बायामाणसे झाडाखाली बसून, पाने सारून, काजूबिया वेचतात. तासन्‌तास, उघड्या हातापायांनी, अगदी पाचोळ्याच्या पातळीवर! कुमार गोचिडींचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकमेकांवर बरोबर बसतात. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाळी गावी हा ताप आला तेव्हा रुग्णांत काजूच्या बागांत काम करणारे लोक होते.

हा दुहेरी परिणाम केवळ आपल्याकडेच दिसतो असे नाही. मध्य युरोपात गोचिडींमुळे होणारा एक मेंदूज्वर आहे. त्याचा विषाणू आपल्या माकडतापाच्या विषाणूचा भाऊबंद. २००६ साली झेकोस्लोव्हाकियातून १९९३ मध्ये वेगळ्या झालेल्या चेक प्रजासत्ताकात त्याचे हजाराहून अधिक रुग्ण झाले. शेजारच्या काही देशांतही त्या वर्षी रुग्ण एकदम वाढले. सगळ्यांना वाटले, गोचिडी वाढल्या असणार. ऑक्सफर्डच्या सॅरा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा रुग्णवाढीचा मेळ गोचिडींच्या संख्येशी बसेना. तो बसला त्या वर्षीच्या हवामानाशी. लांबलेल्या थंडीनंतर सुरेख उन्हाळा आला आणि माणसे जंगलात फिरायला, अळंब्या आणि रानफळे गोळा करायला बाहेर पडली! गोचिडी होत्या तेवढ्याच. त्यांच्यापर्यंत चालत जाणारी माणसे वाढली.

युरोपातल्या थंड प्रदेशात तापमानाचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक आहे. तेथे हवा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्याशिवाय गोचीड हालचाल करीत नाही. हिवाळे सौम्य होत गेल्यामुळे स्वीडनमध्ये ती पूर्वीपेक्षा उत्तरेकडे सरकली आहे. आपल्या सह्याद्रीत थंडीने गोचीड मरण्याचा प्रश्न नाही. येथे सूत्रे ओलाव्याच्या हाती आहेत.

सर्व गोचिडी ओलाव्याच्या भुकेल्या असतात असेही मात्र समजू नका. हायलोमा नावाच्या गोचिडी वाळवंटी, उष्ण हवेला सरावलेल्या आहेत. त्यांना डोळे असतात आणि त्या पात्यावर वाट पाहत न बसता यजमानाच्या मागे चक्क धावत जातात. त्या पसरवतात तो क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. जानेवारी २०११ मध्ये तो गुजरातेत आढळला. म्हणून ‘पाऊस वाढला तर गोचिडीचे रोग वाढतील’ असे सरसकट विधान कोणी केले, तर कोणती गोचीड, असे आधी विचारावे.

सिंधुदुर्गात कसा पोचला?

कित्येक दशके माकडताप शिमोगा आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांचा आजार मानला जाई. २०१२ साली तो बंडीपूरच्या जंगलात दिसला, २०१३ मध्ये केरळातील वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात. जानेवारी २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात केर गावात रुग्ण सापडले आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याने मोठा फटका दिला. हवामान बदलल्यामुळे हा रोग उत्तरेकडे सरकला, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला हे उत्तर घाईचे वाटते. हवामान हा एक धागा झाला. रानांची तोड हा दुसरा. १९८२ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी भागात जुने जंगल काजूच्या लागवडीसाठी तोडण्यात आले आणि पुढच्याच हंगामांत, १९८३-८४ मध्ये, दीड हजारांहून अधिक लोकांना माकडताप झाला. त्या वर्षी पाऊस कसा होता, याहून झाडे तुटली आणि मजूर रानात गेले हे महत्त्वाचे. तिसरा धागा माकडांचा. मोठ्या साथीत पुष्कळ माकडे मरतात आणि उरलेल्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. मग पुढच्या वर्षी हवामान कितीही अनुकूल असले तरी विषाणूला चांगले यजमान मिळत नाहीत.

हवामानाचा उपयोग मात्र आहेच, आणि तो मोठा आहे. या आजारावर नेमके औषध नाही. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. वेळेवर शुश्रूषा आणि शरीरातील पाण्याचा तोल सांभाळणे यांवरच सारी भिस्त. १९९० पासून दिली जाणारी लस अपुरी परिणामकारक आढळल्याने २०२२ साली थांबवण्यात आली आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले. अशा वेळी कॅलेंडर हेच मोठे शस्त्र. रुग्ण फेब्रुवारीत वाढणार हे जर ऑक्टोबरातच ठाऊक असेल, तर तयारीला चार महिने मिळतात. फलालिनीचे फडके नोव्हेंबरात फिरवता येते. दिवाळीनंतर रानात मेलेले माकड दिसले तर त्याची खबर तत्काळ आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला देता येते. माकड मेले, त्याचे अंग थंड पडले, की त्याच्यावरील गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात; म्हणून त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत कीटकनाशक फवारतात. मेलेल्या माकडाला हात लावू नये आणि त्याच्याजवळ जाऊ नये, हे तुम्ही घरातल्या धाकट्यांनाही सांगा.

काजूच्या हंगामात रानात गेल्याशिवाय कोणाचे भागत नाही. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला पुस्तकात शोभतो. केरच्या किंवा पाळीच्या माणसाला तो देणे म्हणजे वर्षाची कमाई सोडा असे सांगणे. त्यापेक्षा हातपाय झाकणारे कपडे घालावे, उघड्या अंगाला डेपा तेल किंवा आरोग्य कार्यकर्ता देईल ते गोचीड-प्रतिबंधक लावावे, पाचोळ्यावर थेट बसू नये, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, चिरडू नये. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. तो आला तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे न विचारता सांगावे, कारण नुसत्या तापावरून त्यांना ते कळणार नाही.

आता एक प्रयोग. तो शाळेच्या आवारात करता येतो. त्यासाठी रानात जायचे नाही. टीपकागदाचे दोन सारख्या आकाराचे तुकडे घ्या, पाण्यात बुडवून निथळा आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर त्यांचे वजन करा. एक तुकडा झाडाखाली चार बोटे जाडीच्या वाळक्या पानांखाली ठेवा. दुसरा त्याच सावलीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, काठीला टांगा. दर तासाला दोन्हींचे वजन करून आलेख काढा. एकदा डिसेंबरात, दव पडलेल्या सकाळपासून करा. पुन्हा एप्रिलच्या दुपारी करा. पानांचा थर दोन बोटे, चार बोटे, आठ बोटे असा बदलून पाहा. डिसेंबरच्या आणि एप्रिलच्या पाचोळ्यातला फरक तुमच्याच हातांनी काढलेल्या आलेखात दिसेल, आणि मोहरीएवढा डिंभ त्या आलेखावर कोठे जगेल व कोठे मरेल, यावर वर्गात वाद घालता येईल.